राखेतलं बी

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. वयाच्या मानाने मी फार चकचकीत दिसतो, आणि त्याचीच मला लाज वाटते.

कारखान्यातून मी तूप भरून निघालो. तूप संपल्यावर धामणगाव बढे गावच्या झुंबरबाईंनी मला बियाणं ठेवायला घेतलं. त्यांचा कारल्याचा मांडव होता. त्याच्या चारही बांधांवर त्या दर मृगात सूर्यफुलं पेरत. दुकानातली बुटकी नव्हे, माणसाच्या डोक्यावर हातभर जाणारी, जुन्या वाणाची. पावसाने महिनाभर ओढ दिली तरी ती मान टाकत नसत. त्यांच्यावर मधमाश्या येत, तिथून कारल्याच्या फुलांवर जात, आणि मांडव लगडून जाई.

सगळ्यांत उंच झाडांची फुलं झुंबरबाई वाळवत, बी चोळून काढत आणि गोवरीच्या राखेत मिसळून माझ्यात भरत. राखेने कीड लागत नाही. बीही राखेसारखंच करडं. चोवीस वर्षं हे चाललं. मला गंज चढला, झाकण वाकडं झालं. कुणी माझं कौतुक केलं नाही, पण मी भरलेला होतो.

दोन वर्षांपूर्वी भादव्यात बी भरून झालं आणि झुंबरबाईंचं उजवं अंग लुळं पडलं. मुलगा ज्ञानेश्वर त्यांना घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात राहिला. घरी सून पुष्पांजली एकटीच होती. सासरचं तिचं पहिलंच नवरात्र. घट बसायच्या आधी घरातली वस्तू न् वस्तू घासायची रीत. तिने मला उकिरड्यावर पालथं केलं आणि उरलेल्या मूठभर राखेनेच लख्ख घासलं. विचारायला फोन होता. पण एवढ्याशा राखेसाठी कोण फोन करतं? कोंबड्यांनी दुपारपर्यंत उकिरडा वेचून काढला. शेजारणी म्हणाल्या, सून मोठी कामाची आहे. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो होतो.

पुढच्या मृगात, दवाखान्यातून घरी आलेल्या झुंबरबाईंनी बाजेवरूनच मला मागितलं. डावा हात आत घातला आणि तळाशी तसाच ठेवला.

“घासला काय वं तू ह्याले?”

“हाव, आत्याबाई. नुसती राखच त होती त्यात.”

“राखीत बी होतं, माय.”

त्या एवढंच बोलल्या. रागावल्या असत्या, तर पुष्पांजलीला बरं वाटलं असतं.

ज्ञानेश्वरने गावोगाव विचारलं. जुना वाण कुणाकडेच नव्हता. मोताळ्याहून बुटक्या जातीचं बी आणलं, ते पावसाच्या पहिल्या खंडातच करपलं. मधमाश्या फिरकेनात. मग पुष्पांजली रोज सकाळी नरफूल तोडून एकेका मादीफुलावर टेकवायची, दहा वाजेपर्यंत, मान वर करून. तरी बोटभर कारली पिवळी पडून गळायची. झुंबरबाई दारातून बघत आणि तोंड भिंतीकडे करत. पौषात त्या गेल्या. बांध उघडेच राहिले.

पुष्पांजली माझ्यात काही भरत नाही. मला फडताळावरून हलवतही नाही.

मित्रांनो, घर जरूर स्वच्छ ठेवा. पण म्हाताऱ्या माणसाने जपलेलं काही ओतून देण्याआधी त्यात एकदा हात घालून बघा, आणि त्या माणसाला विचारा. पुष्पांजलीला अजून पुष्कळ विचारायचं आहे. बी किती खोल टोचायचं, फूल कधी काढायचं, राख किती घ्यायची. ती माझ्यासमोर उभी राहते, आणि मला तर काहीच सांगता येत नाही.