फिल्म चांगलीच होती

आमच्या समुद्रकाठच्या सेकोंडी गावात आमचं दुकान कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. माझे आजोबा कोबिना एसुमान यांनी ते १९३४ साली थाटलं. एका बाजूला फोटोग्राफरांसाठी काचेच्या प्लेटा, कागद, रसायनं. दुसऱ्या बाजूला चष्मे. मुलगा नाही म्हणून लोक टोमणे मारायचे. आजोबांनी एकुलत्या एका लेकीला, म्हणजे माझ्या आईला, चष्म्यांचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला धाडलं आणि ती परतायच्या आतच पाटी रंगवून घेतली: 'एसुमान अँड डॉटर'. आईला सगळे आंटी अरबा म्हणतात. फिल्म विकायची तीच आणि डोळे तपासायची तीच.

ही गोष्ट १९८९ची. मी तेव्हा आईच्या हाताखाली चष्म्याच्या काचा घासायला शिकत होते. एका सकाळी बेंटसिल फोटोग्राफर तणतणत आला आणि त्याने काउंटरवर फोटो आपटले.

"आंटी, शिळी फिल्म गळ्यात मारलीस माझ्या! वाढदिवसाचे फोटो, आणि बघ हे!"

आईने फोटो उजेडात धरले. दोन वर्षांची गोंडस पोर, फ्लॅशमुळे उजवा डोळा लाल, आणि डावा पांढराफटक चमकणारा.

"बाकीची पोरं नीट आलीत की."

"मग?"

"मग तीन फोटोंत तीनदा तोच डोळा? खराब फिल्म काय माणूस ओळखून खराब होते, बेंटसिल?" आईचा आवाज एकदम उतरला. "पोर कुणाची?"

"एफुआची. मासळीला धुरी देते ना, खाडीपाशी, तिची."

आईने दुकान माझ्यावर सोपवलं नाही. मलाही बरोबर घेतलं आणि चक्क दाराला कुलूप लावलं. बेंटसिल गोंधळून मागोमाग आला.

एफुआ भट्टीवर जाळ्या रचत होती. आईने पोरीला, एकुआला, मांडीवर घेतलं आणि हातात तळलेल्या केळ्याचा तुकडा दिला. मग हळूच तिचा डावा डोळा तळहाताने झाकला. पोर खातच राहिली. उजवा झाकला, तशी ती किंचाळली आणि आईचा हात ढकलू लागली.

"एफुआ, हिला डाव्या डोळ्याने दिसत नाही. आणि डोळ्याच्या आत काहीतरी वाढतंय असं मला वाटतं. उद्याच अक्राला, मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं."

एफुआ हातातली जाळी तशीच धरून उभी राहिली. "हा म्हणतो फिल्म खराब, तू म्हणतेस डोळा खराब! माझ्या घरात चांगलं बोलायला कुणी येतं की नाही? चष्मा दे एक आणि मोकळी हो."

"चष्म्याने होणारं असतं तर तुझ्या दारात आलेच नसते गं. माझं चुकलं तर सगळ्या बाजारासमोर मला शिव्या घाल. पण मी बरोबर असेन आणि आपण थांबलो, तर पोर हातची जाईल."

 एफुआने जाळी खाली ठेवली आणि विचारलं, "तू येशील बरोबर?"

"येते ना."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने दोघी पोरीला घेऊन निघाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर कर्करोगाची गाठ आहे, फ्लॅशचा उजेड तिच्यावरूनच पांढरा परतला; पण ती अजून डोळ्याच्या आतच आहे. आणखी काही महिन्यांनी ती मेंदूपर्यंत गेली असती. डोळा काढावा लागला. एफुआ आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. पोर वाचली.

आई अकरा दिवसांनी परतली. आजोबा तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे, रोज संध्याकाळी दुकानात येऊन खुर्चीत बसायचे. कौतुक करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "इतकी वर्षं लोक विचारायचे, फोटोचं सामान आणि चष्मे एकाच दुकानात कशाला? मला धड उत्तर देता यायचं नाही. आज तू दिलंस, अरबा." आई पाठ फिरवून उगाच चष्म्यांच्या पेट्या पुसत राहिली.

त्यानंतर आईने किनाऱ्यावरच्या प्रत्येक फोटोग्राफरला बजावलं: पोराचा एक डोळा पांढरा आला, तर फोटो फेकायचा नाही, माझ्याकडे आणायचा. असे सात फोटो आले. त्यांतल्या दोन मुलांना खरंच तोच आजार निघाला. दोन्ही वाचली.

एकुआ आता शाळेत गणित शिकवते. काचेचा डोळा इतका बेमालूम बसलाय की तिचे विद्यार्थी आपापसात पैजा लावतात, खरा कुठला? आणि म्हातारा बेंटसिल भेटेल त्याला सांगतो, "तो आजार मी पकडला, माझ्या कॅमेऱ्याने!" मी तोंड उघडायला गेले की आई मला कोपराने ढोसते.

"बोलू दे गं त्याला," ती म्हणते. "फोटो काढला त्यानेच ना?"