उजवीकडचं पेडल

गाडी दुरुस्त झाली तर मिस्त्रीला अठ्ठेचाळीस हजार मिळणार होते. विकली गेली तर दोन्हीकडून दलाली. भंगारात निघाली तर बॅटरी, चारही चाकं आणि वर गॅरेजमधली अडलेली जागा मोकळी. म्हणजे गाडीचं काहीही झालं तरी मिस्त्रीचं भलंच होणार होतं, आणि म्हणूनच तो इतका निःस्वार्थी सल्ला देत होता.

“मास्तर, जीव गुंतवू नका. लोखंड आहे ते,” तो वाकल्या वाकल्या म्हणाला. बॉनेट मधोमध दुमडून तंबूसारखं उभं राहिलं होतं आणि मिस्त्रीचं डोकं त्या तंबूत होतं. “रेडिएटर गेला, पंखा गेला, चॅसी डावीकडे बोटभर सरकलीय. भंगारवाला वजनावर एकवीस हजार देईल. अशीच्या अशी विकायची म्हणाल तर गिऱ्हाईक हसेल.”

“हसायला काय झालं?”

“दोन माणसांचे पाय असलेली गाडी घरी कोण नेणार? नवऱ्याने चालवायची आणि बायकोने बाजूला बसून ब्रेक मारायचा. तसं काही घरांत चालतं म्हणा, पण पेडलशिवाय.”

मास्तर हसले नाहीत. एकतीस वर्षं ते शिकवणाऱ्याच्या जागेवर बसून लोकांना गाडी शिकवत आले होते. त्या बाजूला दोनच पेडल: क्लच आणि त्याच्या उजवीकडे ब्रेक. निम्म्या गावाने त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता. त्यातले बरेचसे आता सिग्नलला मास्तर दिसले की काच वर करत, कारण मास्तर अजूनही चालत्या गाडीला ओरडून सांगत, “आरसा बघा, आरसा!”

मिस्त्री तंबूतून बाहेर आला, चिंध्यांना हात पुसले आणि चालकाच्या दारातून आत डोकावला.

“ज्यांनी ठोकली त्या सिस्टरची उंची किती हो?”

“असेल पाच फूट. का?”

“नाही, सीट पार मागे गेलीय. तिथून त्यांचा पाय पेडलला लागायचा म्हणजे चपलेला काठी बांधायला हवी.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. “धडकेत सरकली असेल.”

“सरकली असेल,” मिस्त्री म्हणाला. “पुढून धडक बसली आणि सीट शिस्तीत मागे सरकून खाचेत बसली. तुमच्या हाताखालची गाडी. वळण चांगलं लागलंय.”

झालं होतं ते असं. इस्पितळामागच्या मोकळ्या जागेत दोन पिंपांमध्ये गाडी मागे घेण्याचा सराव चालू होता. सिस्टर, म्हणजे इस्पितळातल्या वॉर्डची नर्स, चौथ्यांदा पिंपाला घासून गेली तेव्हा मास्तरांचा संयम सुटला. “उतरा. मी दाखवतो, तसं करा.” सीट मागे सारून ते चालकाच्या जागी बसले, सिस्टर त्यांच्या जागेवर. गाडी त्यांनी मागे घेतली ती अशी, की दोन्ही बाजूंना वीत-वीत अंतर. मग खुशीत पुढे निघाले. तेवढ्यात धुण्याची ट्रॉली ढकलत एक बाई कोपऱ्यावरून आडवी आली. मास्तरांचा पाय गेला उजवीकडच्या पेडलवर. एकतीस वर्षं तो तिथेच जात होता आणि एकतीस वर्षं तिथे ब्रेक होता. चालकाच्या बाजूला तिथे ब्रेक नसतो, ॲक्सिलरेटर असतो. गाडी थांबेना म्हणून त्यांनी आणखी जोरात दाबलं. बाई वाचली, ट्रॉली वाचली. फाटकाचा खांब काही बाजूला झाला नाही.

माणसं जमली तोवर दोघंही उतरले होते. चौकीदाराने विचारलं, “कोण चालवत होतं?”

मास्तर खोटं बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “शिकाऊ गाडी आहे हो. असं व्हायचंच.” सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. पिंपांपाशी उतरताना तिने आपली उशी, जी खाली घेतल्याशिवाय तिला समोरचं दिसत नसे, मागच्या सीटवर टाकली होती. ती तिने उचलली आणि धूळ झटकली. चौकीदाराने उशी पाहिली आणि वहीत सिस्टरचं नाव लिहून टाकलं.

घरी मास्तरांच्या बायकोने हिशेब मांडला. तिच्याकडे तीस हजार होते, कवळीसाठी जमवलेले. वरचे सहा दात गेल्यापासून ती बिस्किटसुद्धा चहात बुडवून खात होती.

“दातांचं नंतर बघू,” मास्तर म्हणाले. “क्लास सुरू झाला की दोन महिन्यांत निघतील पैसे.”

“माझे दात म्हणजे काय हो, तुमच्या गाडीचे सुटे भाग आहेत? आणि ठोकली त्या सिस्टरने. तिनेच नको का भरायला?”

“नको. तिच्याकडून एक पैसासुद्धा घ्यायचा नाही.”

“फार उदार तुम्ही,” बायको म्हणाली आणि पासबुक काढायला आत गेली. उदारपणाची ही एक पावती मास्तरांना फुकटात मिळाली. उरलेले अठरा हजार त्यांनी आपले घातले.

बुधवारी सिस्टर घरी आली. ड्युटी संपवून सरळ आली असावी. हाताला अजून औषधी साबणाचा वास होता. बायकोने पाण्याचा पेला तिच्यासमोर जरा आपटूनच ठेवला.

“बसा. खुर्चीच आहे, ठोकली तरी चालेल.”

सिस्टर बसली. “काकू, पाणी छान गार आहे,” म्हणाली. बायको आत गेली तेव्हा तिने आवाज खाली आणला.

“मास्तर, फिरत्या दवाखान्याची जागा निघालीय. जिला गाडी येते तिला आधी देणार. दिवसाची ड्युटी. रात्रपाळीला आईला एकटं टाकून यावं लागतं, ते तरी सुटेल. माझं नाव पहिलं होतं.”

“होतं म्हणजे?”

“हेडक्लार्कने चौकीदाराची वही बघितली. म्हणाले, जी खांब पाडते तिच्या ताब्यात सरकारी गाडी कशी द्यायची? शनिवारी ऑर्डर निघणार आहे. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. मी चालवत नव्हते, एवढंच. कोण चालवत होतं ते नका लिहू.”

“ते न लिहिता कळणारच की. गाडीत दोनच माणसं होती.”

सिस्टरने पेला खाली ठेवला.

“तुम्ही स्वतः नाही सांगितलंत त्यांना?”

“तुमची अब्रू गेली असती. आणि सांगितलं तरी माझं कोण ऐकणार? तुमच्या हातचं अक्षर हवं.”

मास्तरांनी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. सात जणांचे आगाऊ पैसे आलेले. दोन ओळी हेडक्लार्कच्या टेबलावर पोचल्या की चहाच्या वेळेपर्यंत इस्पितळभर आणि संध्याकाळपर्यंत गावभर. ब्रेक विसरणाऱ्या मास्तरकडे आपली मुलगी कोण पाठवील? एका बाजूला सात विद्यार्थी, एकतीस वर्षं आणि बायकोचे दात. दुसऱ्या बाजूला एका बाईची बदली. पारडं त्यांनीच धरलं होतं, त्यामुळे ते कुठे झुकावं हा प्रश्नच नव्हता.

“गाडी उभी राहू दे,” ते म्हणाले. “मग शांतपणे, नीट लिहून देतो.”

“शनिवारच्या आत, मास्तर.”

“हो, हो. बघू ना.”

ती उठली. दारात चप्पल घालताना म्हणाली, “मागे घेताना आरसा आधी बघायचा, हे आता माझ्या लक्षात राहिलंय.” हे टोचून म्हटलं की सरळ, ते मास्तरांना ठरवता आलं नाही. त्यांनी ते सरळ धरलं. सोयीचं होतं.

शनिवार आला तसा गेला. मिस्त्रीने बुधवारचा वायदा दिला आणि, कधी नव्हे तो, पाळला. नवा रेडिएटर, ठोकून सरळ केलेलं बॉनेट, चॅसीला वेल्डिंग. रंग जुन्याशी जुळला नव्हता, पण दुरून पाहणाऱ्याला कळलं नसतं.

“चला, एक फेरी मारू,” मिस्त्री म्हणाला आणि शिकवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसला. “आज मी मास्तर.”

मास्तरांनी सीट मागे सारली. गाडी गुणगुणत निघाली. दोन वळणं झाली, एक चढ झाला, मास्तरांचा चेहरा सैल झाला. मग भाजीची एक हातगाडी गल्लीतून रस्त्यावर आली.

गाडीने उसळी मारली आणि लगेच जागच्या जागी बसली. मिस्त्रीने आपल्या बाजूचा ब्रेक दोन्ही पायांनी दाबला होता. हातगाडीवाला शिव्या देत निघून गेला. इंजिन बंद पडलं होतं.

“पाय कुठे होता, मास्तर?” मिस्त्री हळूच म्हणाला. या खेपेला त्याने थट्टा केली नाही.

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय अजून तिथेच होता.

“मला वाटलं, तेव्हा घाईत झालं असेल,” मास्तर म्हणाले.

“इकडून शिकवायला काही हरकत नाही तुम्हाला. इकडे पाय बरोबर पडतो.”

“आणि विद्यार्थ्याच्या दारापर्यंत गाडी कोण नेणार? तू?”

मिस्त्री खाली उतरला. जागा बदलून गाडी त्यानेच परत नेली.

त्याच दिवशी मास्तरांनी सात जणांचे पैसे परत केले आणि टेबलाशी बसून इस्पितळाला पत्र लिहिलं. दोन ओळी नव्हे, पानभर. तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं, पाय कुठे गेला, सगळं. खरं बोलायला आता काहीच खर्च येणार नव्हता, त्यामुळे ते सढळ हाताने बोलले.

गाडी विकून पाहिली. एक जण आला, खाली वाकून वेल्डिंग पाहिलं, “बायकोला विचारून सांगतो” म्हणाला आणि गेला. शेवटी भंगारवाल्याचा काटा. अठ्ठेचाळीस हजार घातल्यावरही वजन तेवढंच भरलं: एकवीस हजार. काट्यावर जाण्याआधी मिस्त्रीने नवा रेडिएटर उतरवून घेतला, स्वतःच विकलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्शाला. “दुसरा कुणी एवढासुद्धा देणार नाही,” म्हणाला, आणि ते खरं होतं.

पत्र मास्तर स्वतः घेऊन गेले. हेडक्लार्कने ते सावकाश, ओठ हलवत वाचलं.

“चांगलं लिहिलंय. पण ऑर्डर मागच्या शनिवारीच गेली. दुसऱ्या बाई रुजूपण झाल्या.”

“मग आता?”

“आता आवक नोंदवतो आणि फायलीला लावतो.” त्याने शिक्का मारला.

“त्यांच्या नावावरचं तरी काढा. वहीतलं.”

“चौकीदाराच्या वहीत खाडाखोड चालत नाही, मास्तर. तुम्ही तर नियमाचे माणूस.” मग फाईल चाळता चाळता म्हणाला, “हां, खांबाचं काम झालं. नऊ हजार. सिस्टरच्या पगारातून तीन हप्त्यांत कापतोय. पहिला या महिन्यात गेला.”

मास्तरांनी खिशातून भंगाराचे पैसे काढले. “हे घ्या. नऊ.”

“बाहेरच्या माणसाकडून खांबाचे पैसे कुठल्या खात्यात घेऊ? तसं खातंच नाही आमच्याकडे. त्यांच्याच हातात द्या.”

सिस्टर वॉर्डच्या दाराशी औषधांची ट्रॉली लावत होती. मास्तरांनी नोटा पुढे केल्या. तिने त्या पाहिल्या, घेतल्या नाहीत. गोळ्या मोजणं चालू ठेवलं, कारण मध्येच थांबलं तर पहिल्यापासून मोजावं लागतं.

“अठरा,” ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावलं. “मास्तर, भेटायची वेळ चार ते सहा असते.”

“मी पत्र दिलंय. सगळं लिहून.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि ट्रॉली ढकलत आत गेली.

दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात कापला गेला, तिसरा त्याच्या पुढच्या.