मैलाच्या दगडाचे ठोके

मित्रांनो, मी एक जुना पट्टा. कमरेचा नाही, कुत्र्याचाही नाही. माझी जागा छातीवर आहे, असं निदान मला सांगण्यात आलं होतं. सध्या मी भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या एका घरात गादीच्या वळकटीभोवती बांधलेला असतो. गादीला हृदय नसतं. मी खात्री करून घेतली आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका थंड गावात झाला. माझ्या आतल्या बाजूला दोन काळ्या रबरी पट्ट्या बसवल्या. त्या ओल्या करून मला छातीवर बांधलं की हृदयाचा प्रत्येक ठोका मला कळतो, आणि मी तो बिनतारी पद्धतीने मनगटावरच्या माझ्या घड्याळाला कळवतो. घड्याळ आकडा दाखवतं. म्हणजे माझं काम चहाडीचंच, पण खरी चहाडी. मला खोक्यात ठेवण्याआधी तिथल्या एका बाईने मला स्वतःला बांधून पाहिलं, आकडा वाचला आणि मान डोलावली. आयुष्यात मला मिळालेलं ते पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्रक.

विजयकुमार भिलाईच्या पोलाद प्लांटच्या ट्रेनिंगला परदेशी गेला होता. येताना लोक चॉकलेट आणतात, सेंट आणतात. त्याने मला आणलं, कारण त्याचा थोरला भाऊ नरहरी आदल्या हिवाळ्यात सायकलवरून चक्कर येऊन पडला होता. डॉक्टरांनी नरहरीला सांगितलं होतं, "सायकल चालवा, पण ठोके दीडशेच्या वर गेले की उतरा. उतरणं जमत नसेल तर सायकल विकून टाका." तेव्हापासून नरहरी सायकल चालवता चालवता एका हाताने दुसऱ्या हाताची नाडी मोजू लागला. ज्यांना दोनच हात आहेत त्यांनी हे करून पाहू नये. तो तीनदा नालीत गेला.

सायकल विकणं नरहरीला शक्य नव्हतं. दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाची रिसाली ते नंदिनी नगर सायकल शर्यत असायची. पोलादाच्या गावात बक्षीसही पोलादाचंच: पहिल्याला स्टीलची मोठी कोठी. ती दर वर्षी नरहरीचा साळा गुलाबराव न्यायचा. तो दुर्गला रेल्वेत होता. नरहरी दर वर्षी दुसरा.

पहिले दिवस माझे फार मानाचे गेले, मित्रांनो. रोज सकाळी नरहरीची बायको कलावती देवघरातल्या पाण्याने मला ओलं करायची आणि त्याच्या छातीवर बांधताना म्हणायची, "खरं सांगजो बापा."

मी खरं सांगायचो. दीडशे झाले की घड्याळ टिटिट करायचं आणि नरहरी उतरून सायकल हातात धरून चालायचा. मग त्याच्या बाजूने दूधवाले पुढे जात. शाळेच्या मुली पुढे जात. एकदा एक म्हैस पुढे गेली. नरहरी घड्याळाकडे असा बघायचा, जसं काही म्हैस मीच पाठवली होती.

शेवटी गुलाबरावालाच दया आली. एका रविवारी तो दुसरा पट्टा घेऊन घरी आला. नागपूर स्टेशनाबाहेर कुण्या फेरीवाल्याकडून घेतलेला, चकचकीत, लाल, सोबत त्याचं स्वतःचं घड्याळ.

"भाऊजी, तुमाले हरवून मजा नाही येऊन राहिली," तो म्हणाला. "तुमी तर पैदलच येता. हा लावून पाहा. एकदम भरोशाचा आहे."

अंगणात सायकल स्टँडवर चढवली आणि आमची परीक्षा झाली. आधी मी. नरहरीने पायडल मारायला सुरुवात केली. मी ब्याऐंशी म्हणालो, मग एकशे दहा, मग एकशे छत्तीस. तो थांबला तसा मी खाली आलो. मग तो लाल पट्टा. नरहरीने पायडल मारलं. बहात्तर. जोरात मारलं. बहात्तर. घामाने बनियन निथळली, जीभ बाहेर आली. बहात्तर.

इथे तुम्हाला नरहरीची नोकरी सांगायला हवी. तो भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये होता. तिथे भिंतभर डायल असतात आणि प्रत्येक डायलवर एक हिरवी पट्टी रंगवलेली असते. काटा हिरव्यात स्थिर असला की शिफ्ट सुखाची. काटा नाचू लागला की मेकॅनिक बोलवायचा. ही माणसं हिरवं बघत म्हातारी होतात. त्यांना स्थिर काटा दिसला की आपोआप चहाची आठवण येते.

नरहरीने दोन्ही घड्याळं शेजारी ठेवली आणि समाधानाने मिशी पुसली. "हा पाहा, किती स्टेडी आहे. अन् तो विज्याचा नुसता नाचून राहिला. त्याच्या आतच काही गडबड आहे."

कलावती दारात मेथी निवडत होती. "अवो, भट्टी एका जागी बसून राहते. तुमी पायडल मारून राहिले. ठोके नाचतील नाही तं का?"

"तुले काय समजते इन्स्ट्रुमेंटातलं?"

"मले तुमच्यातलं समजते."

गुलाबराव हसला. नरहरी हसला नाही. त्याने मला छातीवरून सोडलं होतं तसंच मनातूनही सोडलं, आणि खुंटीला टांगून ठेवलं.

शर्यतीच्या दिवशी कलावतीने तिळाच्या पोळ्यांचा डबा सायकलच्या कॅरियरवर ठेवला आणि मला डब्याभोवती घट्ट आवळलं. माझं घड्याळ तिने डब्याच्या पिशवीत सरकवलं. "डबा पडन, म्हणून," ती म्हणाली. डबा पडणार नव्हता, मित्रांनो. डबा बांधायला सुतळी तिच्या हातातच होती.

तर असा मी त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर, पोळ्यांना कवटाळून चाललो होतो. पोळ्या शांत होत्या. तो काय करत होता ते मला त्याच्या श्वासावरून कळत होतं, पण श्वासावरून सांगायचं कुणाला? त्याच्या मनगटावर बहात्तर होतं. टिटिट नाही, उतरणं नाही, म्हैस नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गुलाबरावाला मागे टाकलं. मागे वळून तो ओरडला, "गुलाब, बहात्तर!" कोठी त्याला दिसू लागली होती.

नंदिनीच्या अलीकडे चढावर तो सायकलसकट आडवा झाला.

गुलाबराव धापा टाकत आला. त्याने आधी घड्याळ पाहिलं. नरहरीचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि गुलाबराव त्याला समजावत होता, "बहात्तर आहे भाऊजी. सगळं बरोबर आहे. उठा." नरहरी उठेना. मग श्वास मोकळा व्हावा म्हणून गुलाबरावाने त्याचा लाल पट्टा काढला आणि शेजारच्या मैलाच्या दगडावर अडकवला. पुन्हा घड्याळ पाहिलं.

बहात्तर.

गुलाबरावाने दगडाकडे पाहिलं. दगडाची तब्येत उत्तम होती. मग त्याने नरहरीकडे पाहिलं, आणि नरहरी उघड्या डोळ्यांनी दगडाकडेच बघत होता.

गुलाबरावाने दातांनी माझी गाठ सोडली. डबा रस्त्यावर घरंगळला. पिण्याच्या पाण्याने त्याने मला भिजवलं, त्या छातीवर बांधलं, पिशवीतलं माझं घड्याळ काढलं. मी माझं काम केलं. एकशे अडुसष्ट. पडून असलेल्या माणसाचे.

त्यानंतर गुलाबराव कुणाशी वाद घालत बसला नाही. चुनखडीचा ट्रक अडवला, भाऊजीला पुढच्या सीटवर घातलं आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

मला वाटलं, आता माझे दिवस आले.

नरहरी घरी आला तेव्हा बघायला लोक येऊ लागले. मंडळाने धाडसाबद्दल त्याला स्टीलची चाळणी दिली. गुलाबराव सगळ्यांना हकिगत सांगायचा, पण सांगता सांगता त्यातून मैलाचा दगड गळून गेला. तो लाल पट्टा त्यानेच आणला होता ना. "बहात्तर होते, चांगले होते," तो सांगायचा. "हा विज्याचा पट्टा लावला, अन् डायरेक्ट एकशे अडुसष्ट."

शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, "काढून टाका बापा तो घरातून."

मी नरहरीकडे पाहत राहिलो. दगड त्याने पाहिला होता. पण कंट्रोल रूमचा माणूस अडकलेल्या काट्यावर भाळला, हे कळलं असतं तर शिफ्टने त्याला सुखाने चहा पिऊ दिला नसता. तो उशीला टेकून बसला, चाळणी मांडीवर फिरवली आणि म्हणाला, "खरं आहे. तो पट्टा लावला तवापासूनच मले जड वाटून राहिलं."

कलावती पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने तो नरहरीच्या हातात दिला.

पुढे नरहरीला बाजारापर्यंत हळूहळू सायकल नेण्याची परवानगी मिळाली. गुलाबरावाने दगडावरून परत आणलेला लाल पट्टा बांधूनच तो जायचा. असाच तो गेलेला असताना एका दुपारी कलावतीने मला ओलं केलं आणि स्वतःच्या छातीवर बांधलं. मला कुणी तिच्याबद्दल आजवर विचारलंच नव्हतं. ती नुसती पाटावर बसून मेथी निवडत होती, आणि माझ्या घड्याळात एकशे चौदा होते. मग फाटकाशी सायकलची घंटी वाजली. एकशे चार. स्टँडचा खडखडाट झाला. ब्याण्णव. नरहरी चपला काढत "चहा टाक" म्हणाला, तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

तिने ते सगळं वाचलं. "खरं आहे तुयं," ती मला हळूच म्हणाली. "पण कोनाले सांगू नको बापा." आणि तो आत यायच्या आधी तिने मला सोडलं आणि गादीच्या वळकटीभोवती बांधून टाकलं.

मित्रांनो, नरहरीने मला खोटं ठरवलं त्याचं दुःख आहेच. पण जिने मला खरं मानलं, तिनेही चारचौघांत मानलं नाही.

तुम्ही कधी छातीचा पट्टा घ्यायला गेलात तर आधी तो एखाद्या दगडाला बांधून पाहा. दगड जिवंत निघाला तर तो पट्टा घेऊ नका, दुकानात कितीही लोक वाहवा करोत. आणि जो तुमच्या छातीतलं जसंच्या तसं सांगतो, त्याला कोरडा टाकू नका. माझ्या काळ्या पट्ट्या आता वाळून तडकल्या आहेत, घड्याळाचा सेल कधीच संपला आहे.

पण नरहरी बाहेर गेला की कलावती येऊन या वळकटीला पाठ टेकून बसते. फाटकाशी घंटी वाजेपर्यंत उठत नाही. आकडा दाखवायला कुणी उरलेलं नाही. मी मोजतो.