दोन नारळांचं दूध

दमयंतीबाईंनी कांद्याची सालं बोटाने बाजूला सारली आणि कचऱ्याच्या डब्यातून ते खोकं बाहेर काढलं. निळं, दाबून चपटं केलेलं, वर फोडलेल्या नारळाचं चित्र. आत अजून थेंब-दोन थेंब पांढरं होतं. नारळाचं दूध, विकतचं.

पहाटे उठून त्यांनी स्वतः दोन नारळ फोडले होते, खवले होते, मिक्सरमधून काढून फडक्यात पिळले होते. मनगटं अजून ठणकत होती. ते दूध पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलं होतं. मग हे खोकं आलं कुठून, आणि सालांखाली दडवलं कोणी? मुलगा जयदीप बँकेत गेलेला. मुलगी स्वरा अंघोळीला. राहिली सून, जान्हवी. मनात पाल चुकचुकायला एवढं पुष्कळ होतं.

सगळं स्वराच्या खाण्यावरून सुरू झालं. हैदराबादला नोकरीला लागल्यापासून या पोरीने दूध, दही, तूप, सगळं सोडलं होतं. व्हीगन म्हणतात म्हणे. दोन दिवसांसाठी घरी आली तर तिला थाई करी हवी. सोपी असते, आपल्या रस्साभाजीसारखीच, फक्त नारळाच्या दुधात, असं तिनेच फोनवर समजावलं होतं. मी करते, असं जान्हवी लगेच म्हणाली. लगेच म्हणाली, हेच दमयंतीबाईंना खटकलं. माझ्या लेकीसाठी माझे हात आहेत अजून, असं म्हणून त्यांनी खलबत्ता पुढे ओढला. हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, कोथिंबिरीच्या काड्या, अंगणातला गवती चहा, लिंबाची दोन पानं, सगळं त्यांनी कुटलं. कढईत वाटण परतलं, लाल भोपळ्याच्या फोडी टाकल्या, ढोबळी मिरची टाकली, स्वराने बर्फात घालून आणलेलं ते सोयाचं पनीर टाकलं. आता दूध ओतायचं, तेवढ्यात फाटकाशी शेजारच्या देवकाबाईंनी हाक मारली. गॅसकडे मी बघते, असं जान्हवी म्हणाली. त्या परत आल्या तर कढईत पांढरा रस्सा रटरटत होता आणि जान्हवी ओटा पुसत होती.

हे काही आजचं नव्हतं. थंडी सरल्यापासून ही बाई स्वयंपाकघराभोवती घिरट्या घालत होती. दमयंतीबाईंची पाठ फिरली की आत झाकणं वाजायची. एकदा वरण सांडलं म्हणाली. एकदा दूध उतू गेलं म्हणाली, आणि शेगडीवर डाग एक नाही. विचारलं तर साळसूद चेहरा. चोर तर चोर, वर शिरजोर!

त्यांना ठाऊक होतं हे कुठे जातं ते. देवकाबाईंचं असंच झालं. आधी सुनेने मिसळणाचा डबा हलवला, मग सिलिंडरचा नंबर आपल्या फोनवर घेतला, आणि आता देवकाबाई ओसरीवर खुर्ची टाकून बसतात. चहा हवा असला तर नातवाला आत पाठवतात. चाळीस माणसांचा स्वयंपाक एकहाती रांधणारी बाई. ओटा गेला म्हणजे घरात आपण पाहुणे.

त्या मागच्या दाराने बाहेर गेल्या. मोरीपाशी घासायच्या भांड्यांत त्यांचं पातेलं होतं, तळाशी बोटभर दूध. बाकीचं कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलेलं, माती अजून ओली होती. म्हणजे टाकून दिलं. पहाटेपासूनचे कष्ट झाडाला घातले, आणि वर विकतचं ओतून गप्प बसली. उद्या जयदीपला सांगायला मोकळी, आईच्या हातचं काही राहिलं नाही आता, करी मीच केली.

त्यांनी पातेलं उचलून नाकाशी नेलं. काहीच वास नव्हता. वास तर थंडीतल्या त्या मोठ्या तापापासून त्यांना कशालाच येत नव्हता. ना फोडणीचा, ना उदबत्तीचा. जिभेवर मीठ, तिखट, आंबट तेवढं उमटायचं, बाकी सगळं नुसती माती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. निभत होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात चाखून बघायची पद्धत मुळातच नव्हती. वाढण्याआधी चाखलं म्हणजे उष्टं. मीठ हाताला कळतं, असं त्या सुनेला पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, आणि हाताला अजून कळत होतं.

पातेलं त्यांनी पदराआड धरलं आणि आत आल्या.

स्वरा आणि जान्हवी जेवायला बसल्या होत्या. स्वराने भातावर करी घेतली, एक घास खाल्ला, डोळे मिटले. हैदराबादच्या हॉटेलात अशी मिळत नाही, आईच्या हाताला तोड नाही, असं काहीबाही ती बोलत राहिली. जान्हवी मान खाली घालून जेवत होती.

"माह्या हाताची नाई ते," दमयंतीबाई म्हणाल्या. "खोक्यातली हाये. मी काढलेलं दूध तुह्या वहिनीनं झाडाले घातलं. हे पाह्य."

त्यांनी पातेलं पदराआडून काढून स्वराच्या तोंडासमोर धरलं. स्वराने मान झटकन मागे घेतली.

"आई, आंबलंय हे. केवढा वास मारतोय." मग तिने आईकडे नीट पाहिलं. "तुला आला नाही?"

दमयंतीबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. हातातलं पातेलं एकदम जड झालं. बाहेर उन्हाळा पेटला होता, पहाटेपासून दूध ओट्यावर, शेगडीच्या अंगाला. आंबणारच होतं. दहा वर्षांच्या पोरीलाही कळलं असतं.

"माह्याच हातून झालं," जान्हवी म्हणाली. तिने ताटातून मान वर केली नाही. "आईनं दूध फ्रिजात ठेवलं होतं. मी भाज्या काढाले गेली न बाहेर ठेवून विसरली. आई रागवतीन म्हून मागच्या दारानं जाऊन दुकानातून खोकं आणलं."

स्वरा हसली. एवढंच ना, म्हणाली, आणि आणखी करी वाढून घेतली. तिचा फोन वाजला तशी ती ताट घेऊनच पुढच्या खोलीत गेली.

दमयंतीबाई तिथेच उभ्या होत्या. दूध फ्रिजमध्ये ठेवलंच नव्हतं. ते त्यांना माहीत होतं आणि जान्हवीलाही माहीत होतं. सांडलेलं वरण, उतू गेलेलं दूध, वाजणारी झाकणं, एकेक त्यांच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. शरमेने त्यांचे कान तापले. पातेलं खाली ठेवून त्या जान्हवीसमोर बसल्या.

"केव्हापासून माहीत हाये तुले?"

जान्हवीने हातातला घास ताटात ठेवला. "गॅस सुटला होता त्या दिवशी. मी आंगनातून धावत आली. तुमी बाजूलेच बसून शेंगा सोलून राह्यल्या होत्या."

दमयंतीबाईंना तो दिवस आठवला. सुनेने धाडधाड खिडक्या उघडल्या होत्या आणि त्यांनी तिला, एवढी आदळआपट कशाला, म्हणून सुनावलं होतं.

"जयदीपले सांगितलं?"

"नाई."

"काऊन?"

"तुमी सांगितलं नव्हतं म्हून."

पुढच्या खोलीत स्वरा कुणाशी तरी हसत बोलत होती. दमयंतीबाईंनी आपलं ताट पुढे ओढलं. भात घेतला, त्यावर करी घेतली, कालवली. घास तोंडात गेला तसं मीठ लागलं, मिरची झोंबली, आणि मग नेहमीसारखं काहीच नाही. एवढं कुटलं, एवढं परतलं, आणि काहीच नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"कशी लागते, जान्हवी?"

"चांगली झाली."

"तसं नोको. सांग मले. काय काय लागते ते सांग."

जान्हवीने त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची थोडी जवळ ओढली, स्वतःही एक घास घेतला आणि सावकाश चावला.

"आधी नारळ येते," ती म्हणाली. "मंग लिंबाचं पान."

दमयंतीबाईंनी दुसरा घास घेतला. "मंग?"