नाव न घेतलेली लेकरं

बाळ जन्माला आलं की आपल्याकडे सगळ्यात आधी त्याच्या चेहऱ्याची वाटणी होते. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, यावर दोन्हीकडची मंडळी खाटेभोवती उभी राहून हक्क सांगतात. प्रणालीच्या खाटेभोवतीही तेच चाललं होतं. तिच्या सासूबाई मायाबाई खाप्याहून सकाळच्या बसनं आल्या होत्या. नातवाच्या कानाच्या पाळ्या निरखून त्यांनी निकाल दिला, "हे तं पूर्ण आमच्या घरचं आहे बाप्पा!"

प्रणालीची आई पुष्पलता उशाशी स्टुलावर बसली होती. ती नुसती हसली. लेकीचं बाळंतपण माहेरी, म्हणजे दवाखान्याच्या सगळ्या खेपा तिच्याच. नागपूरच्या महाल भागातल्या घरून डबा आणायचा, धुणं न्यायचं, पुन्हा यायचं. डोळे मिटत होते. पण तिचा खरा शीण खेपांचा नव्हता. ‘मुलगा झाला’ हे शब्द ऐकल्यापासून ती धास्तावली होती. पेढे वाटतानासुद्धा तिच्या मनात आलं, मुलगी झाली असती तर बरं झालं असतं. आजच्या काळातसुद्धा मुलगी नको म्हणणारे पुष्कळ भेटतात, ही बाई उलटीच होती. आणि त्याला कारण होतं.

तेवढ्यात लहान मुलांच्या डॉक्टर मेघा नंदनवार फेरीवर आल्या. बाळाला तपासून म्हणाल्या, "छान आहे बाळ. एक तपासणी सुचवते. टाचेतून दोन थेंब रक्त घ्यायचं, बस. काही बाळांच्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी जन्मतःच नसतात. दिसायला ती अगदी गुटगुटीत असतात. दोन-तीन महिने बरे जातात आणि मग साधी सर्दीसुद्धा त्यांना झेपत नाही. वेळेवर कळलं तर उपचार आहे. उशिरा कळलं तर आम्ही धावतो, पण बहुतेक वेळा हाती काही लागत नाही."

"एवढ्याशा लेकराले सुई टोचता?" मायाबाई पुढे झाल्या. "चांगलं लाल लाल गोळ्यासारखं तं आहे! काहून त्याच्या अंगात रोग शोधून राहिल्या तुम्ही?"

डॉक्टर थकल्यासारख्या हसल्या. हे त्यांना रोजचं होतं. "सक्ती नाही आजी. पण एक विचारते. प्रणालीच्या आईकडच्या घरात कुणाचं तान्हं मूल गेलंय का? विशेष करून मुलगा? तोंडात पांढरा थर, न थांबणारे जुलाब, न्यूमोनिया? किंवा बीसीजी टोचलेली जागा बरी न होता चिघळत गेली, असं काही?"

पुष्पलतेनं पदर घट्ट धरला. ही बाई जणू तिच्याच घरात येऊन बघून गेल्यासारखी बोलत होती!

"नाई जी," ती म्हणाली. "आमच्याकडे असं काही नाई झालं."

जावई वैभवनं आधी आपल्या आईकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "मग राहू द्या मॅडम. नंतर पाहू."

"ठीक आहे. दुपारी बीसीजी आणि पोलिओचे थेंब देऊन घरी सोडू," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्या.

खोटं बोलायला एक क्षण पुरतो, ते वागवायला मात्र आयुष्य जातं. पुष्पलता असंच एक ओझं तीसेक वर्षं वागवत होती. ती आणि ताराचंद तेव्हा उमरेडला राहत. घरात हातमाग होता. प्रणालीच्या आधी तिला दोन मुलगे झाले. दोघंही धष्टपुष्ट जन्मले आणि दोघंही वर्षाच्या आत गेले. धाकट्याच्या दंडावरची लसीची जागा शेवटपर्यंत वाळली नव्हती. दात न आलेल्या लेकराला आपल्याकडे अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. मग त्याचा फोटो लागत नाही, श्राद्ध होत नाही आणि नाव तर कुणी घेतच नाही. पुढच्या लेकराला बाधतं म्हणे! सासूनं नजर काढली, उंबऱ्यात खिळा ठोकला आणि शेवटी सुनेलाच ‘लेकरंखाऊ’ म्हटलं. मग प्रणाली झाली आणि जगली. माग विकून नवरा-बायको नागपूरला आले. ताराचंद महालात कापडाच्या दुकानात लागला. नव्या गल्लीत कुणाला काही ठाऊक नव्हतं. प्रणालीलाही नाही. लग्न जमवताना खाप्याच्या मंडळींना सांगितलं, पोरगी एकुलती एक आहे.

पुष्पलता उठून बाहेर व्हरांड्यात आली. ताराचंद बाकावर बसला होता.

"अवो, डॉक्टरीणबाईनं तेच इचारलं," ती हळूच म्हणाली. "टोचलेल्या जागेचंबी इचारलं."

ताराचंदचा चेहरा उतरला. "तू काय सांगितलं?"

"नाई म्हटलं."

"बरं केलं. गप राह्य आता. इहीनबाईले समजलं तं पोरीले आयुष्यभर टोमणे खा लागतीन. पोरीचा संसार आहे वं."

"आन् लेकरूच नाई राह्यलं तं?" पुष्पलता म्हणाली. "मंग तिचा संसार कसा राह्यते, हे मले इचारा ना! मी पाह्यला आहे."

ताराचंदनं मान खाली घातली. तो चपलांकडे बघत राहिला. पुष्पलता तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. तिला कुणाचाच राग येत नव्हता, नवऱ्याचा नाही की मेलेल्या सासूचा नाही. फक्त फार दमल्यासारखं वाटत होतं.

दुपारी परिचारिका लसीचा ट्रे घेऊन आली. मायाबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, बाही वर सरकवली. तो इवलासा दंड पाहिला आणि पुष्पलतेला दुसराच दंड दिसला. ती पुढे झाली आणि तिनं बाळाच्या खांद्यावर आपला तळवा ठेवला.

"थांबा! नका टोचू! आधी डॉक्टरीणबाईले बलवा. मी खोटं बोलली!"

परिचारिका डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर मेघा आल्या, तेव्हा पुष्पलता उभ्यानंच बोलली. "माह्ये दोन पोरं गेले जी. तुम्ही म्हटलं तसेच. तोंडात पांढरं, हगवण, निमोनिया. धाकट्याची टोचलेली जागा सडत गेली होती."

डॉक्टरांनी आधी ट्रे परत पाठवला. मग म्हणाल्या, "बरं झालं बोललात. बीसीजीत क्षयाचे जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. सुदृढ बाळाला ती लस वाचवते, प्रत्येक बाळानं घ्यावी अशीच ती आहे. पण पेशीच नसतील तर तीच अंगावर उलटते. तपासणीचा निकाल येईपर्यंत बीसीजी नको आणि पोलिओचे थेंबही नकोत."

"म्हणजे खोट तुमच्या घरची आहे!" मायाबाईंचा आवाज चढला. "लग्नाच्या वेळी काहून नाई सांगितलं?"

"भेव वाटलं इहीनबाई. मले लोक लेकरंखाऊ म्हणत. माह्या पोरीले कोणी तसं म्हणू नाई, एवढंच मनात होतं."

"आजी," डॉक्टर मायाबाईंना म्हणाल्या, "तुम्हाला शुगर आहे ना? सकाळी माझ्यासमोरच चहा बिनसाखरेचा मागितलात."

"आहे. माह्या बापालेबी होती."

"हे तुम्ही चारचौघांत सांगितलंत. वडिलांना कुणी दोष दिला? हा आजारही तसाच रक्तातून येतो. आईकडून मुलाला येऊ शकतो आणि आईला स्वतःला त्याचा त्रासही होत नाही. तिनं तो मागून घेतलेला नसतो. शुगर सांगायला आपल्याला लाज वाटत नाही आणि गेलेलं लेकरू सांगायला वाटते. ही कसली लाज आजी? या लाजेपायी मी धडधाकट जन्मलेली बाळं हातातून जाताना पाहिलीत. आता मलाही कंटाळा आलाय पाहण्याचा!"

 तेवढ्यात खाटेवरून प्रणालीचा आवाज आला.

"आई, मले भाऊ होते?"

पुष्पलता वळली. "हो माय. दोन."

"नावं काय होती त्यांची?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.  "मोठा अंकुर," ती म्हणाली, "आन् लहाना रजत." आणि मग ती रडली. व्हरांड्याच्या दारात उभा असलेला ताराचंदही रडला.

मायाबाईंनी डोळे पुसले. बाळाचं दुपटं बाजूला करून त्याचा चिमुकला पाय हातात धरला आणि परिचारिकेला म्हणाल्या, "घे बाई रक्त. हळूच टोचजो."

निकाल आला. बाळाच्या रक्तात त्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. दुसरी तपासणी झाली, तिनंही तेच सांगितलं. घरात त्या दिवशी कुणी जेवलं नाही. पण बाळाला अजून कोणताही संसर्ग झालेला नव्हता. डॉक्टरांनी मोठ्या शहरातल्या केंद्राशी बोलणं केलं. बापाची अस्थिमज्जा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार करणारा हाडातला मगज, बाळाला देता येईल असं ठरलं. यश नक्की मिळेल असं कुणी म्हटलं नाही. बाळ निरोगी असतानाच हे झालं तर आशा पुष्कळ असते, एवढंच सांगितलं. तोवर बाळाजवळ गर्दी नाही, बारशाचं बोलावणं नाही. मायाबाई खाप्याला न परतता स्वतःच महालातल्या घराच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागल्या. बाळ पाहायला आलेल्या आपल्या सख्ख्या भावालाही त्यांनी खिडकीतूनच वाटेला लावलं.

डॉक्टरांनी पुष्पलतेला आणखी एक काम दिलं होतं. आईकडच्या सगळ्या बहिणींना कळवायचं. तिनं काटोलला मावसबहिणीला, बेबीला, फोन लावला. बेबीची मुलगी रोशनी गरोदर होती. पुष्पलतेनं सगळं सांगितलं, अंकुर आणि रजतची नावं घेऊन सांगितलं. "रोशनीले मुलगा झाला तं टोचायच्या आधी हे तपासून घेजो वं," ती म्हणाली.

पलीकडे बेबीनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"पुष्पे," मग ती हळू आवाजात म्हणाली, "माह्या पयला पोरगा मेलेलाच जन्मला असं सांगितलं होतं ना सगळ्यायले? तो हसायले लागला होता वं. मंग गेला."

वाचकहो, एकाच आजीच्या दोन नाती, एकाच दुःखानं पोळलेल्या, आणि एकमेकींना आयुष्यभर सांगू शकल्या नाहीत! घरात तान्हं मूल गेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, आपल्या लेकीबहिणींना सांगा आणि टाचेतल्या दोन थेंबांना नाही म्हणू नका. गेलेल्याचं नाव घेतल्यानं पुढच्या लेकराला काही बाधत नाही. बाधतं ते आपलं गप्प राहणं.