म्हातारी दिवसाला किती ओढते

तेबोराच्या वडिलांनी आयुष्यात एकदाही तंबाखू विकत घेतली नाही. हे खरं होतं, आणि पाच वर्षांपूर्वी फुप्फुसांच्या पाहणीचा कागद घेऊन ती त्यांच्यासमोर बसली तेव्हा तिने ते तसंच लिहून घेतलं. चौदावा प्रश्न होता : तुम्ही दिवसाला किती विड्या किंवा सिगारेटी विकत घेऊन ओढता? तियाएकी म्हणाले, "विकत? एकही नाही." तिने शून्य लिहिलं. लिहिताना त्यांच्या डाव्या कानामागे केवड्याच्या पानात वळलेली विडी खोचलेली होती आणि ती तिला दिसत होती.

प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही, हे प्रशिक्षणात तीन दिवस घोकून घेतलं होतं. शिवाय बापाने एकदा नाही म्हटल्यावर लेकीने पुन्हा विचारायचं, ही त्यांच्या घरातली रीत नव्हती. तिने पंधरावा प्रश्न वाचला. तो चुलीबद्दल होता.

तियाएकी बेटाच्या उत्तर टोकावरच्या दगडांचे राखणदार होते. सात दगड, भोवती पांढऱ्या शिंपल्यांचं रिंगण. बेटावर सगळ्यांत आधी जी बाई उतरली, नेई बेआका, ती तिथे असते. बेटावर पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याने आधी तिच्याकडे जायचं, पिळाच्या तंबाखूची एक कांडी ठेवायची, ओली वाळू गालांना लावायची आणि मग गावात शिरायचं. शिक्षक असो, पाद्री असो, मंत्री असो. गावातले लोकही समुद्रावर निघताना कांडी ठेवून जात. ठेवलेली कांडी राखणदार चिरतो, केवड्याच्या पानात वळतो आणि ओढतो, कारण धूर झाल्याशिवाय ती म्हातारीपर्यंत पोचत नाही. तियाएकींनी हे एकतीस वर्षं केलं. आता त्यांचे धाकटे भाऊ योतेबा करत होते; त्याआधीही ते वर्षानुवर्षं त्यांच्या जोडीला बसून ओढत.

पाहणीचा अहवाल छापून आला तेव्हा तियाएकींना जाऊन चार महिने झाले होते. अखेरचे दिवस त्यांनी राजधानी तारावाच्या इस्पितळात काढले, नाकात नळी, उशाशी तेबोरा. अहवालात एक तक्ता होता : विडी-सिगारेट न ओढणारे, तरीही फुप्फुसं निकामी झालेले पुरुष. संख्या अकरा. खाली लिहिलं होतं की याचं कारण बहुधा स्वयंपाकाचा धूर असावा. तेबोराने तो तक्ता बऱ्याच वेळा वाचला. त्या अकरांतला एक कोण, हे तिला ठाऊक होतं.

आता पाहणीची दुसरी फेरी निघाली होती, आणि त्या तक्त्यावरून तिची आखणी झाली होती. चौदाव्या प्रश्नापुढे ज्याचं शून्य, त्याच्या घरी धूर न करणारी नवी चूल जाणार. ज्याचा एक किंवा एकाहून जास्त, त्याच्याकडे दर महिन्याला नर्स जाणार, तंबाखूची तलफ मारायला दंडाला लावायच्या पट्ट्या आणि औषधं देणार, विडी सुटेपर्यंत पिच्छा पुरवणार. प्रश्न मात्र तोच होता. तेबोराने आपल्या बेटाचं काम मागून घेतलं.

होडीत तिच्याबरोबर बारानिको होता. श्वास मोजायचं यंत्र तो चालवायचा. चाळिशीचा, अंगाने ऐसपैस, या बेटावर पहिल्यांदाच येणारा.

"कांडी आणलीस?" किनारा दिसायला लागल्यावर तिने विचारलं.

"पाहणीच्या माणसाने कुणालाही तंबाखू द्यायची नाही. नियम चौथा."

"आणलीस का?"

"आणली. पण माझ्या पिशवीत. पाहणीची पिशवी वेगळी आहे."

योतेबा वाळूवर नीरफणसाच्या सावलीत बसले होते. होडी पाहून उठले, पण पुढे आले नाहीत. पुढे आली ती त्यांची बायको, तियाओन. तिने बारानिकोला पाण्यात उतरताना पाहिलं आणि तेबोराला विचारलं, "याला होडीत बसवून आणलंत, की होडीला याच्यावर?"

"काकू, जेवायला घालणार असाल तर काहीही म्हणा," बारानिको म्हणाला.

"आलीस का गं डॉक्टरीणबाई?" योतेबांनी विचारलं.

"नर्स, काका."

"तेच ते. सुई टोचतेस ना?"

दगडांपर्यंत दोनशे पावलं असतील. योतेबा वाटेत दोनदा थांबले. एकदा बेटाने वेढलेल्या आतल्या समुद्रातल्या एका शिडाकडे बघत राहिले, एकदा एका माडाच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाले, "याचे नारळ उतरवायला झालेत." नारळ उतरवायला झालेले नव्हते. तेबोराने वर पाहिलं आणि "हो" म्हणाली. तियाएकीसुद्धा शेवटच्या दोन वर्षांत माड बघायला थांबत.

बारानिकोने कांडी मधल्या दगडावर ठेवली, ओली वाळू गालांना लावली. योतेबांनी कांडी उचलून हुंगली. "चांगली आहे. संध्याकाळी पेटवू. उन्हाचं म्हातारीला आवडत नाही." मग त्यांनी ती कमरेला खोचली आणि सगळे घरी आले.

घराच्या उंच ओट्यावर चटई अंथरलेली होती. तियाओनने नीरा दिली. चूल मागे उघड्यावर होती, चार दगडांची, बाहेरच्या समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात. बारानिकोने यंत्र काढलं. तेबोराने कागद काढला आणि नाव, वय, घरात माणसं किती असं विचारत चौदाव्या प्रश्नाशी आली. तो तिने छापल्याप्रमाणे वाचला.

"विकत?" योतेबा म्हणाले. "एकही नाही."

पेन्सिल चौकटीपाशी होती. बारानिको यंत्राची नळी पुसत होता. तेबोराने पेन्सिल उचलून घेतली.

"आणि विकत न घेता?"

"म्हणजे?"

"म्हणजे ओढता किती, काका?"

"मी ओढत नाही. म्हातारी ओढते. मी नुसतं तोंड देतो." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. "तुझा बाप तरी कुठे ओढायचा?"

"लिही शून्य," बारानिको हळूच म्हणाला. "यंत्र तयार आहे."

"शून्य लिहिलं तर यांना चूल मिळेल."

"चूल?" तियाओन मागून म्हणाली. "कुणाला हवीय चूल? माझ्या चुलीच्या धुराने समुद्रातले मासे मरतील एक वेळ, हा नाही मरायचा. धूर जातो तिकडे!" आणि तिने हाताने सगळा आतला समुद्र दाखवला.

तेबोराने चौकट रिकामी सोडली आणि आधी श्वास मोजून घेऊ म्हणाली. बारानिकोने नळी योतेबांच्या तोंडात दिली, नाकाला चिमटा लावला.

"छाती भरून घ्या. आता फुंका! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका—"

योतेबा थांबले. चिमटा पडला. पुढची दोन मिनिटं ते ओट्याची कड धरून खोकत होते.

"लग्नात शंख याच माणसाने फुंकला होता," तियाओन म्हणाली. "पलीकडच्या बेटावरची माणसं जेवायला आली होती." मग ती आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली.

तीनदा फुंकून झालं. बारानिकोने पडदा तेबोराकडे वळवला. त्या वयाच्या धडधाकट माणसाला शंभर धरलं, तर योतेबांना अडतीस. पाच वर्षांपूर्वी तियाएकींचे चव्वेचाळीस आले होते. त्यानंतर ते चार वर्षंही राहिले नाहीत. तेबोराने अडतीस हा आकडा त्याच्या जागी लिहिला. अक्षर नेहमीसारखं आलं.

"काका," ती म्हणाली, "म्हातारी दिवसाला किती ओढते?"

योतेबा लगेच सांगू लागले, कुणी पावसाचं विचारावं तसे. "होडी येते त्या दिवशी वीस होतात. एरवी चौदा, पंधरा. गेल्या साली रस्त्याची माणसं आली, अठरा जण. तेव्हा जरा जास्त झालं. एकदा वळून ठेवल्या की राहू द्यायच्या नाहीत ना, तिला शिळं चालत नाही."

"आणि बाबांच्या वेळी?"

"तेव्हा तिला फार लागायची. विमान नुकतंच सुरू झालं होतं. पंचवीस धर. तीससुद्धा."

तेबोराने पेन्सिल चौकटीवर टेकवली.

"काय लिहितेस?"

"पंधरा."

"कुणाच्या नावापुढे?"

"तुमच्या."

योतेबांनी हात पुढे करून पेन्सिलच धरली. जोर नव्हता, पण तिने सोडून दिली. "माझ्या नाही. तिच्या नावाचा वेगळा कागद कर."

"तिला पट्टी लावता येणार नाही, काका. पट्टी दंडाला लावतात."

"दंड नाही का तिला?" तियाओन म्हणाली आणि स्वतःच हसली. दुसरं कुणी हसलं नाही.

"ऐक पोरी," योतेबा म्हणाले. मध्ये श्वास घ्यायला थांबले. "लोक तिच्यासाठी आणतात. माझ्या नावावर लिहिलंस, तर मी तिचं खाल्लं असं होतं. एकतीस वर्षं तुझ्या बापाने खाल्लं, असं होतं. ते मी कसं लिहू देऊ?"

पाच वर्षांपूर्वी हेच तिने वडिलांना विचारलं असतं, तर तेही हेच म्हणाले असते. पण विचारलं नव्हतं. तिने कागद गुंडाळून टोपलीत ठेवला.

दुपारी बारानिको आणि ती आणखी पाच घरं करून आली. दोन घरांमध्ये चालताना तो म्हणाला, "रिकामी चौकट कार्यालयात घेत नाहीत. अख्खा कागद बाद करतात. काका चुलीतूनही गेले, पट्टीतूनही गेले."

"माहीत आहे."

"तुझ्या वडिलांचं शून्य कुणी लिहिलं होतं?"

"मी."

"तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं."

त्याने यंत्राची पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "पाहणीच्या मुख्य बाईंना सांगितलंस तर कामावरून काढतील."

"कदाचित. पण अकरांचे दहा होतील." ती चालत राहिली. "असे दगड काही फक्त याच बेटावर नाहीत. त्या अकरांत राखणदार किती, ते कुणी विचारलेलंच नाही."

ऊन कलल्यावर योतेबांनी दोघांना बोलावणं पाठवलं. ते दगडांपाशी आधीच जाऊन बसले होते, कदाचित वाटेत कुणी थांबलेलं बघू नये म्हणून. कांडी बारीक चिरून झाली होती. केवड्याचं वाळलेलं पान त्यांनी मांडीवर सपाट केलं, तंबाखू भरली, वळलं, धाग्याने बांधलं. बोटं अजून चपळ होती. तेबोरा शिंपल्यांच्या बाहेर बसली. लहानपणी ती इथेच बसायची आणि वडील मान वर करून धूर सोडायचे, तो आभाळात कुठपर्यंत जातो ते बघायची.

योतेबांनी काडी ओढली, विडी ओठांत धरली आणि ओढली. टोक लाल झालं. खोकला आला. तो बराच वेळ चालला. ते एका हातावर ओणवे झाले. बारानिको उठायला लागला, तेबोराने त्याला खूण करून बसवलं.

खोकला थांबल्यावर योतेबांनी विडी पुन्हा तोंडाकडे नेली नाही. ती त्यांनी मधल्या दगडावर ठेवली, पेटलेलं टोक वाऱ्याकडे करून. वारा बाहेरच्या समुद्रावरून येत होता. टोक लाल होई, काळं पडे, पुन्हा लाल होई. तिघंही बघत राहिली. माणसापेक्षा वारा भराभर ओढतो. थोड्याच वेळात दोऱ्यापर्यंत राख झाली, आणि दोराही जळाला.

"संपवली की तिने," योतेबा म्हणाले. त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं. मग ते बराच वेळ राखेकडे बघत बसले.

"पण पेटवताना एक झुरका घ्यावाच लागतो," ते शेवटी म्हणाले. "त्याशिवाय धरत नाही. तो काही तिने घेतला नाही. तो माझा."

त्यांनी तेबोराच्या टोपलीकडे पाहिलं.

"कागद आणलायस ना? मग लिही. एक."

तिने टोपलीतून कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि चौदाव्या चौकटीत एक लिहिला. बाजूला लिहिलं : प्रश्न बदलून विचारला. खाली सही केली. एकाने काम होत होतं. एक असला की माणूस दुसऱ्या तक्त्यात जातो, आणि त्याच्याकडे दर महिन्याला नर्स येते.

"पट्टी कोणत्या दंडाला?"

"कोणत्याही."

"डाव्याला लाव. उजव्यावर मी झोपतो." ते उठू लागले. बारानिकोने हात दिला, तो त्यांनी घेतला. उभे राहिल्यावर म्हणाले, "तियाएकीचाही एक लिही. त्याचंही पेटवल्याशिवाय भागत नव्हतं."

ते दोघे पुढे गेले. तेबोराच्या टोपलीत तळाशी जुन्या फेरीच्या कागदांच्या प्रती होत्या, नव्या कागदांबरोबर कार्यालयात परत द्यायच्या. तिने वडिलांची शोधली. शून्य तिच्याच हातचं होतं, गोल आणि नीट. चूक दुरुस्त करताना ती खोडायची नाही, तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हेही प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. तिने पेन काढून एक रेघ मारली. शेजारी एक लिहिला. तारीख घातली, सही केली, आणि शाई वाळेपर्यंत कागद वाऱ्यात धरून बसली.