वास न येणारी डबी
थोरली जाऊ पुस्तकांचं बाइंडिंग करायची. खळीचे हात धुणं आलंच. पण तिचं धुणं कामापाशी थांबायचं नाही. बोटांची सालपटं निघाली तरी बाई नळाखालून हलत नसे. या धुण्याच्या आजारावर गोळ्या कैक वर्षं चालू होत्या, फरक जेमतेम. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या सोडायच्या नाहीत. जोडीला या कॅप्सूल घेऊन बघू. काहींना गुण येतो, काहींना नाही. खात्री देत नाही."

त्या आणायचं काम धाकट्या जावेनं अंगावर घेतलं. डबी उघडली की कुजक्या अंड्यांचा भपकारा यायचा. औषधाचा वासच तसा, हे डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं होतं. तरी कॅप्सूल गिळली की थोरली चुळा भरत बसायची, आणि मग पुन्हा हात.

दुसऱ्या डबीला मात्र वासच येईना.

"ही बदललीय," ती नवऱ्याला म्हणाली.

"झालं तुझं पुन्हा सुरू!" त्यानं वर्तमानपत्रातून मानही वर काढली नाही. "लेबल तेच आहे ना?"

"ताई, उगाच शंका काढू नका," धाकटी म्हणाली. पण म्हणताना ती आधीच विसळलेली भांडी पुन्हा विसळत होती.

शंका हाच तर आपला आजार. मग ही शंका आजाराची की खरी? थोरलीनं काही दिवस स्वतःलाच दटावलं. मग एका दुपारी आपल्या बाइंडिंगच्या दुकानात तिनं कॅप्सूल फोडली, आणि जिला दुसऱ्याचा पेला चालत नसे, तिनं ती पूड जिभेला लावली. गोड! निव्वळ पिठीसाखर.

ती तडक घरी आली. धाकटी एकटीच होती. पूड पाहून तिचा चेहरा उतरला.

"तुमचे हाल बघवेनात हो. त्या वासानं तुम्ही जास्तच धुवायला लागलात. आणि साखरेवर बरं वाटतंय की तुम्हाला! हात बघा."

सालपटं खरंच कमी झाली होती. थोरलीला त्याचाच जास्त राग आला.

"सगळ्यांदेखत मला वेडी ठरवलंस तू."

धाकटी रडू लागली. थोरलीनं तिला जवळ घेतलं नाही.

"आणि रोजच्या गोळ्या? त्या तरी खऱ्या आहेत ना?"

"शप्पथ, ताई! त्यांना हातही लावला नाही."

थोरलीनं मान हलवली. मग कपाटातली गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत भरली आणि त्या खऱ्याच आहेत ना हे तपासून घ्यायला औषधांच्या दुकानाकडे निघाली.